महिन्याभराचा किल्ला

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी पुण्याच्या पेठांतून सायकल मारत गेलात, तर वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. चार-पाच पोरं, कोपरापर्यंत चिखल, मध्ये दगडविटांचा ढीग आणि त्या ढिगावर टाकलेलं ओलं गोणपाट. एकजण हुकूम सोडत असतो, बाकीचे त्याचं ऐकत नसतात. हे किल्ल्याचं बांधकाम. आपल्या इकडच्या मुलांना यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. पण आपल्या होस्टेलवर निम्मी जनता बाहेरची. माझा रूममेट पाटण्याचा. पहिल्या वर्षी तो माझ्याबरोबर कसबा पेठेत आला, एक किल्ला दहा मिनिटं निरखून बघितला आणि म्हणाला, "महीनेभर में तोड़ ही देना है, तो इतनी मेहनत क्यों?"

प्रश्न रास्त आहे. इंजिनिअरिंगला आल्यापासून आपण सगळे टिकाऊपणाचेच धडे गिरवतो. डिझाइन लाइफ, फॅक्टर ऑफ सेफ्टी, फटीग, करोजन... पूल शंभर वर्षं टिकावा, मशीन पंधरा वर्षं चालावं, रस्ता निदान पुढचा पावसाळा काढावा (हे शेवटचं जरा जास्तच झालं!). आणि इथे पोरं आठवडाभर राबून अशी वस्तू उभी करतात जिच्या नशिबी तुळशीच्या लग्नानंतर मोडणंच आहे. सिव्हिलचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नाचा पिच्छा पुरवावासा वाटला. त्यातून हा लेख झाला.

आधी किल्ला होतो कसा ते सांगतो. दसरा झाला की दगडविटांची गोळाबेरीज सुरू होते. शेजारी कुठे बांधकाम चालू असेल तर काम सोपं. मोठे दगड खाली, विटा वर, मध्ये रिकामे डबे, फुटक्या बादल्या, खोकी, असं करत तीन-चार फुटांचा ओबडधोबड डोंगर रचायचा. त्यावर जुनं गोणपाट पसरायचं. ते नुसतं पसरून चालत नाही. पातळ चिखलाच्या घमेल्यात बुचकळून, चिंब करून मगच टाकायचं, म्हणजे ते दगडांच्या खाचाखळग्यांत बसतं आणि त्यावर मातीचा थर धरतो. मग लिंपण. मग तटबंदी, बुरूज, पायऱ्या, दरवाजा, वाटी पुरून केलेलं पाण्याचं टाकं, पायथ्याशी गाव, विहीर, शेत, आणि एका बाजूला गुहा. गुहेत वाघ हवाच. वसुबारसेपर्यंत हे सगळं पुरं व्हावं लागतं. त्यानंतर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत किल्ला उभा. म्हणजे बांधायला घेतल्यापासून मोडेपर्यंत जेमतेम महिना.

किल्ल्यावर जी माणसं मांडतात त्यांना पुण्यात 'चित्रं' म्हणतात. कसब्यातल्या कुंभारवाड्यात पणत्यांच्या राशींशेजारी ही चित्रं विकायला असतात. सिंहासनावर बसलेले महाराज, भालदार, ढाल-तलवारीचे मावळे, तोफा, गवळण, बैलगाडी, भाजीवाली. घराघरात जुन्या चित्रांचा एक पत्र्याचा डबा असतो. कोणाचा हात तुटलेला, कोणाचा भाला गेलेला, तरी दरवर्षी त्यांची नेमणूक होते. मापाचा काही मेळ नसतो. महाराजांपेक्षा वाघ मोठा, मावळ्याच्या शेजारी ट्रॅफिक पोलीस, आणि पायथ्याच्या मैदानात क्रिकेटची अख्खी टीम. इतिहासाच्या प्राध्यापकांनी इकडे कानाडोळा करावा.

आता मातीकडे येऊ, कारण किल्ल्याची खरी गंमत तिथे आहे. पुण्याच्या आसपासचा खडक म्हणजे बेसॉल्ट. त्याची झीज होऊन जी काळी माती होते ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून तडकते. किल्ला बांधणाऱ्या पोरांना मॉन्टमोरिलोनाइट हा शब्द माहीत नसतो, पण "काळी नको रे, भेगा पडतात" हे त्यांना पक्कं माहीत असतं. म्हणून ती नर्सरीतून तांबड्या मातीचं पोतं आणतात, किंवा काळ्या मातीत शेण, भुसा नाहीतर चाळलेला मुरूम मिसळतात. भुशाचे धागे भेगेला आडवे येतात आणि ती पसरू देत नाहीत. आपण फायबर रिइन्फोर्समेंट म्हणतो ती याहून वेगळी नाही.

चिखल किती ओला हवा? पोरं मूठभर माती घेऊन गोळा दाबतात. हाताला चिकटला तर पाणी जास्त, कडेला चिरा पडल्या तर कमी. सेकंड लॅबमध्ये आपण कॅसाग्रांडेच्या वाटीला पंचवीस ठोके देतो आणि काचेवर मातीची ३ मिलिमीटरची वळी करत बसतो, ते याचसाठी. अॅटरबर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९११ मध्ये या मर्यादा मांडल्या, पुढे १९३२ मध्ये कॅसाग्रांडेने त्यांची चाचणी नीट बांधून दिली. माती ज्या ओलाव्याला हवा तो आकार घेते आणि तो धरून ठेवते, ती पट्टी या दोन मर्यादांच्या मध्ये. जर्नलमध्ये तिला प्लॅस्टिसिटी इंडेक्स म्हणतात. वाड्यात "जमलं" म्हणतात.

कोरडी वाळू ओतली तर तिचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांच्या उताराला थांबतो, त्याहून उभा राहत नाही. मग किल्ल्याचे कडे ताठ उभे कसे राहतात? एक म्हणजे मातीतल्या चिकण कणांमुळे, आणि दुसरं पाण्यामुळे. कणाकणांच्या मध्ये अडकलेलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. समुद्रकिनाऱ्यावरचा वाळूचा किल्ला निव्वळ या ओढीवर उभा असतो. सगळं पाणी उडून गेलं तर ही ओढ जाते आणि कडा भुगा होऊन गळतो. पाणी इतकं झालं की पोकळ्या भरून गेल्या, तरीही ती जातेच, आणि कडा चिखल होऊन बसतो. म्हणजे हे बांधकाम एकदा करून सोडून देण्यातलं नाहीच. रोज सकाळी हलक्या हाताने पाणी शिंपडावं लागतं. दोन दिवस गावाला गेलात की बुरूज ढासळलेला. परतीच्या पावसाची एक सर आली की प्लॅस्टिकचा कागद घेऊन धावाधाव. किल्ला आपल्याला रोज कामाला लावतो.

आणि अळीव! हा माझा आवडता भाग. लिंपण झालं की डोंगरउतारावर अळीव किंवा मोहरी पेरतात, चार दिवसांत कोवळं हिरवं गवत उगवतं आणि मातीचा ढीग एकदम सह्याद्री दिसायला लागतो. मोहरी उतारावरून घरंगळते, अळीव घरंगळत नाही. ज्याने अळिवाचे लाडू किंवा खीर खाल्ली असेल त्याला कारण कळेल. भिजलं की अळिवाच्या दाण्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं, आणि त्याने तो उभ्या कड्यालाही चिकटून बसतो. मग मुळं मातीत शिरतात आणि वरचा थर शिवल्यासारखा धरून ठेवतात. घाटातल्या रस्त्यांच्या कडेचे उतार गवत लावून धरून ठेवतात, त्याचं हे छोटं रूप. शोभेसाठी म्हणून पेरलेलं गवत किल्ल्याचे शेवटचे पंधरा दिवस तारून नेतं.

कारंज्याचंही सांगून टाकतो, नाहीतर मेकॅनिकलवाले नाराज होतील. ओळखीच्या दवाखान्यातून सलाईनची वापरलेली नळी आणायची (सुई काढून!), एक टोक खिडकीतल्या बादलीत, दुसरं किल्ल्यावरच्या टाक्यात वर तोंड करून. बादलीतलं पाणी टाक्यापेक्षा दीड मीटर वर असेल तर कागदावर कारंजं दीड मीटर उडायला हवं. प्रत्यक्षात वीतभर उडतं. बाकीचं सगळं त्या बारीक नळीतल्या घर्षणात जातं. हेड लॉस हा शब्द ऐकायच्या आधी सहा-सात वर्षं तो आम्ही डोळ्यांनी बघितला होता.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, पोरांना खेळताखेळता सायन्स कळतं. एवढंच असेल तर ते एकदा केलं तरी कळेल. दरवर्षी कशाला? आणि मोडायचं कशाला?

मोडण्याची रीतही बघण्यासारखी आहे. काही घरांत तुळशीचं लग्न झाल्यावर चित्रं धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात जातात, विटा परत रचल्या जातात आणि माती झाडांना जाते. काही ठिकाणी मात्र उरलेले सुतळी बाँब गुहेत आणि दरवाजात लावून किल्ला उडवला जातो. महिनाभर ज्या बुरुजावर कोणाला बोट लावू दिलं नाही, तो उडवताना हीच पोरं आनंदाने किंचाळत असतात. मला लहानपणी याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. त्यांना पुरतं ठाऊक असतं की किल्ला हातात आहे, ढिगात नाही. पुढच्या वर्षी तो परत होणार, आणि बहुतेक याहून चांगला होणार, कारण या वर्षी दरवाजा कुठे चुकला ते आता कळलंय.

दरवाजाचं खरंच असं होतं. पहिल्या वर्षी पोरं दरवाजा समोर, मधोमध करतात, सिनेमातल्या राजवाड्यासारखा. मग कोणीतरी रायगडाला जाऊन आलेला सांगतो की महादरवाजा असा समोर दिसतच नाही. दोन बुरुजांच्या कवेत तो आत वळवून घेतलेला आहे, अगदी जवळ जाईपर्यंत शत्रूला कळत नाही. याला गोमुखी रचना म्हणतात. पुढच्या दिवाळीत दरवाजा वळतो. कोणी राजगड करायचा म्हणतो. मग पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये उंच बालेकिल्ला, हे एवढ्याशा जागेत बसवताना त्या गडाचा नकाशा डोक्यात जो पक्का होतो, तो पुस्तक वाचून होत नाही. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी चिखलात वळताना मधली अरुंद वाट बोटाने करावी लागते. ती करताना हमखास प्रश्न पडतो: ही दुसरी भिंत कशाला? मग उत्तर शोधायला लोक शनिवार-रविवारी खरोखरच राजगडावर जातात.

किल्ला कायमचा करून ठेवला असता तर दरवाजा पहिल्या वर्षीचाच राहिला असता. मोडतो म्हणून तो सुधारतो. मोडतो म्हणून दरवर्षी धाकट्यांना हात लावायला मिळतो. गेल्या वर्षीचा कारागीर आता दहावीला गेलेला असतो, तो ओट्यावर बसून नुसत्या सूचना देतो, आणि काल ज्याला फक्त पाणी आणायचं काम होतं तो आज बुरूज वळतो. आपल्या गॅदरिंगचं असंच आहे, फर्स्ट इयरवाले खुर्च्या उचलतात. असो.

खऱ्या किल्ल्यांचं काय? ते तर दगडाचे, टिकण्यासाठीच बांधलेले. रायगडावर जगदीश्वराच्या देवळात एक संस्कृत शिलालेख आहे. गडावर हिरोजींनी उभारलेल्या विहिरी, तळी, बागा, रस्ते, हत्तीशाळा, राजवाडे यांचं वर्णन करून त्यात म्हटलं आहे की चंद्रसूर्य असेपर्यंत हे नांदो. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी गडावर आग लागली, लाकडी वाडे जळाले आणि १० मे रोजी गड पडला. आज आपण बघतो ती राजवाड्यांची दगडी जोती. पुण्यातला शनिवारवाडा तर आपल्या डोळ्यांसमोरचा. १७३० साली पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या आगीत आतले मजले खाक झाले. तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली. शंभर वर्षांच्या आतबाहेरचा खेळ.

त्याच जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. ज्याने हा गड बांधला त्याने नाव तटावर, उंचावर कोरून घेतलं नाही. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय ज्या दगडावर पडतो त्यावर कोरलं. पायाखालचा दगड झिजतो हे दगड घडवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. मला तो चंद्रसूर्यांचा लेख आणि ही पायरी दोन्ही एकाच देवळात असावीत याची फार गंमत वाटते. बांधणाऱ्याला दोन्ही ठाऊक असावं लागतं, टिकवायचं कसं तेही आणि झिजू द्यायचं काय तेही.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड आहेत, जलदुर्गांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत, आणि पार तमिळनाडूतला जिंजीही आहे. ही फार मोठी गोष्ट झाली. पण यादीत नाव लागल्याने दगडातल्या फटीत रुजलेला पिंपळ काही आपोआप उपटला जात नाही. तो दरवर्षी कोणीतरी दोर लावून उपटावा लागतो. टाक्यांतला गाळ दरवर्षी काढावा लागतो. पुण्यातले कितीतरी ट्रेकर ग्रुप सुट्टीच्या दिवशी हे काम निमूटपणे करतात. दगडाचा किल्लासुद्धा रोज पाणी शिंपडण्याच्याच जातीचा निघाला, फक्त त्याची घडी जरा मोठी.

याचं आणखी एक टोकाचं उदाहरण आफ्रिकेत आहे. मालीमध्ये जेने नावाचं गाव आहे, तिथे मातीची एक प्रचंड मशीद आहे. आजची इमारत १९०७ ची. कच्च्या विटा आणि वर मातीचा गिलावा, सगळी मातीच. पावसाने गिलावा धुपतो म्हणून दरवर्षी अख्खं गाव जमतं आणि एका उत्सवात तो नव्याने लिंपतं. भिंतींतून ताडाच्या लाकडांचे वासे बाहेर डोकावतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण लिंपणाऱ्यांची ती कायमची परात आहे. म्हणजे ज्याने इमारत रचली त्याने पहिल्याच दिवशी गृहीत धरलं होतं की लोक दरवर्षी वर चढणार! दुरुस्ती हा तिथे बांधकामाचाच भाग आहे. आपल्या अभ्यासक्रमात मेंटेनन्स शेवटच्या युनिटला असतो आणि परीक्षेला ऑप्शनला टाकतात.

आता मूळ दुखण्याकडे येतो. गेली काही वर्षं दिवाळीच्या बाजारात तयार किल्ले मिळायला लागले आहेत. प्लॅस्टरचे, रंगवलेले, दोन हातांत मावतील असे. आणून ठेवायचे, दिवाळी झाली की पुसून माळ्यावर. दहा वर्षं टिकतील. घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसले, माती उरली नाही, पार्किंगमध्ये चिखल केला तर सेक्रेटरी ओरडतात, आईवडील दोघं नोकरीला, मुलांची सहामाही परीक्षा दिवाळीला चिकटून. सगळं खरं. पण टिकाऊपणाच्या हिशेबात हा किल्ला मातीच्या किल्ल्याला सहज हरवतो आणि तरी त्याच्याभोवती कोणी जमत नाही. त्याला कोणाची गरजच नाही. त्याच्यावर पाणी मारायचं नाही, त्याचा दरवाजा कुठल्या बाजूला हवा यावरून भांडायचं नाही, रात्री पाऊस आला तर उठायचं नाही. ज्या वस्तूला माणूस लागत नाही ती बघायला तरी माणूस कशाला येईल?

माझ्या रूममेटने दुसऱ्या वर्षी स्वतःच मातीचं पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलं, तेव्हा वाटेत त्याने मला सांगितलं की त्यांच्याकडे दिवाळीत बहिणी 'घरौंदा' करतात. मातीचं छोटं घर, चुन्याने रंगवलेलं, आत खेळण्यातली भांडीकुंडी आणि लाह्या-बत्तासे. तेही पुढच्या वर्षी नवीन. "बचपन में मिट्टी मैं ही लाता था," म्हणाला. म्हणजे उत्तर याला आधीपासून माहीत होतं!

आम्ही माती नेत होतो ती वर्गातल्या एका लोकलाइट मित्राच्या वाड्यात. कसब्यातला जुना वाडा, मधल्या चौकात तुळशीवृंदावन आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यात किल्ल्याची ठरलेली जागा. मित्राच्या काकांच्या लहानपणापासून तिथेच किल्ला होतो. मोडल्यावर माती वृंदावनामागे ढीग करून ठेवायची आणि पुढच्या दसऱ्याला चाळून परत वापरायची, अशी तिथली पद्धत. कमी पडली तर एखादं पोतं नवीन. म्हणजे काकांनी सहावीत असताना मळलेली माती त्यांच्या मुलीच्या हाताला लागत होती. पायथ्याला बसणारे चार मोठे दगडही तेच. एकाला तर नाव होतं, 'हत्ती'.

वाडा पुनर्विकासाला गेला. यात कोणाचं चुकलं असं म्हणता येणार नाही. वासे कुजले होते, जिना हलत होता, सात भाडेकरू आणि एक नळ. त्या तुळया बघितल्यावर पाडण्याचा सल्ला मीसुद्धा दिला असता. शेवटच्या दिवाळीला चौकातला किल्ला झाला तेव्हा काकांनी रायगड करायला लावला आणि स्वतः लिंपायला बसले. बोलले फारसं नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर मुलांनी सुतळी बाँब आणले, तेव्हा वाटलं की ते यंदा नको म्हणतील. म्हणाले, "उडवा की. नेहमीसारखा उडवा." मग सगळी माती चाळून पाच पोत्यांत भरली. सामान हलवताना टेम्पोवाला विचारत होता की हा राडारोडा कुठे टाकायचा. काकूंनी त्याला कपाटाच्या आधी पोती चढवायला लावली. 'हत्ती' मात्र राहिला, तो चौघांनाही उचलेना.

भाड्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, अंगण नाही, बाल्कनी तेवढी आहे. पुढच्या दिवाळीला काकांनी मला फोन केला. "तू सिव्हिलचा ना रे? बाल्कनीत किल्ला केला तर झेपेल का सांग." मी म्हटलं, "काका, माप सांगा." पायथा तीन फूट बाय दोन फूट, उंची दोन फूट. डोंगर निमुळता म्हणून ठोकळ्याच्या निम्मं धरलं तरी सहा घनफूट, म्हणजे ०.१७ घनमीटर. ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १८०० किलो. झाले तीनशे किलो. जागा जेमतेम ०.५६ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या आसपास. आय.एस. ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या बाल्कनीला किमान ३ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो धरतात. भरीव किल्ला नाही चालणार, मी सांगितलं. आत तेलाचे रिकामे डबे आणि थर्मोकोलची खोकी, त्यावर गोणपाट, आणि माती फक्त दोन इंच. मग सगळं मिळून शंभर किलोच्या घरात येतं, चौरस मीटरला दोनशेच्या आत. आणि बाल्कनी कॅन्टिलिव्हर आहे, तेव्हा किल्ला कठड्याकडे नको, घराच्या भिंतीला चिकटून हवा.

"भिंतीला चिकटून? अरे, मग खालून लोकांना दिसणार कसा?" यावर पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी भिंतीलगतच झाला. पाच पोत्यांतली दीड पोतं माती लागली. चित्रं मावेनात म्हणून गवळण आणि ट्रॅफिक पोलीस खिडकीच्या कट्ट्यावर गेले. सलाईनची नळी पंख्याच्या हुकला टांगलेल्या बादलीतून आली, त्यामुळे हेड चांगलं मिळालं आणि कारंजं पहिल्यांदाच दोन वितींवर गेलं. तुळशीचं लग्न झाल्यावर सुतळी बाँबचा प्रश्न निघाला, पण तिसऱ्या मजल्यावर त्याला सर्वानुमते नकार मिळाला. काकांच्या मुलीने हातानेच बुरूज पाडले. उरलेली माती कुंड्यांमध्ये गेली आहे आणि काकूंनी तीत कोथिंबीर पेरली आहे. दसऱ्याला कुंड्या रिकाम्या करून द्यायच्या, असं ठरलंय.